रंगीत अमूर्त चित्रं आणि कोलाज : शिकायला सुरुवात कुठून करावी?

मीरा_चिपळूण
नमस्कार मंडळी.

अमूर्त चित्रं आणि कोलाज असं एकत्र करायला शिकतेय. एकाच फलकावर अ‍ॅक्रिलिक रंग, जुने कागद, साडीच्या काठाचे तुकडे, खडू, शाई, जे हाताशी येईल ते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट झाल्या होत्या, पुढे संसारात ते सगळं मागे पडलं. आता दुपारचा वेळ माझा असतो आणि हे मला मनापासून शिकायचं आहे. घर, डोंगर, नारळाचं झाड काढायचं नाहीये. दोन रंग शेजारी आले की त्यांच्यात जे काही सुरू होतं, ते मला बघायला आवडतं आणि तेच करायचं आहे.

अडचण अशी की सुरुवातीला चित्र छान झळझळीत असतं. मग एकेक रंग वाढत जातो आणि शेवटी सगळ्यावर मातकट छटा येते. तर माझे प्रश्न : आधी रेखाटन पक्कं करायला हवं का, की थेट रंगांपासून सुरुवात केली तर चालेल? कागद तुम्ही कशाने चिकटवता? फेव्हिकॉल चालतो का? आणि आमच्याकडे चार महिने कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, त्या हवेत हे टिकतं का? इथे जवळपास हे शिकवणारं कोणी सापडलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

लोकल_प्रवासी
जागा धरून ठेवतो. मलाही हेच विचारायचं होतं.

चित्रकलासर_मिरज
मीराताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. आधी रेखाटन. शाळेत मुलांना कितीतरी वर्षं शिकवलंय, त्यावरून बोलतोय. ज्याची नजर वस्तूवर स्थिरावत नाही, त्याची ती रंगावरही स्थिरावत नाही. वासुदेव गायतोंडे यांचं नाव अमूर्ताच्या संदर्भात सगळे घेतात, पण ते १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका घेऊन बाहेर पडले तेव्हाची आणि त्यानंतरच्या काही वर्षांतली चित्रं बघा. माणसं आहेत, आकृत्या आहेत, भारतीय लघुचित्रांचा अभ्यास आहे. आकृती पुढे हळूहळू गळत गेली. जे हातात होतं तेच त्यांनी सोडलं. तुमच्या हातात ते यायच्या आधीच सोडायचं म्हणताय.

रोज अर्धा तास घरातल्या वस्तू काढा. तांब्या, चप्पल, खुर्ची. सहा महिन्यांनी रंगांकडे या.

विणकर_मुलगी
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे मला पटत नाही. मी इचलकरंजीत कापडाच्या डिझाइनचं काम करते. आमच्या कामात रंगाची जाण वेगळी तयार होते, तिचा चप्पल हुबेहूब काढता येण्याशी काही संबंध नसतो. चित्रकार प्रभाकर बरवे यांचंच बघा. त्यांनी आधी बनारसच्या आणि मग मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. धागा, पोत, नक्षीची पुनरावृत्ती यांच्यात रोज हात बुडालेला असणं हेही शिक्षणच आहे.

मीरा, मातकट होण्याचं कारण सांगते, ते अगदी साधं आहे. लाल, पिवळा आणि निळा तिन्ही ओले असताना एकमेकांत गेले की करडा-तपकिरीच होणार. आणि हे तिन्ही नेहमी वेगवेगळ्या ट्यूबमधून येत नाहीत. शेंदराकडे झुकणाऱ्या लाल रंगात पिवळा दडलेला असतो. त्यात अल्ट्रामरिन निळा घातला की जांभळा मळका येतो. तोच निळा क्रिमसनमध्ये घाला, जांभळा स्वच्छ येईल. हिरव्याचंही तसंच आहे. लेमन यलो आणि थॅलो निळा मिळून पोपटी, चमकदार हिरवा होतो. गडद पिवळा आणि अल्ट्रामरिन मिळून शेवाळी.

म्हणून पहिला महिना दोन रंग आणि पांढरा एवढंच घ्या. दोनच. उदाहरणार्थ क्रिमसन आणि अल्ट्रामरिन. एवढ्यातून किती छटा निघतात ते कागदाच्या पट्ट्यांवर काढून बघा. आणि एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. अ‍ॅक्रिलिकची खरी सोय हीच आहे, वाळलेला थर पाण्याने परत उठत नाही. त्यावर पातळ, पारदर्शक रंग दिला की खालचा वरच्यातून दिसतो, पण त्यात मिसळत नाही. झळाळी तिथून येते.

कोकणी_माणूस
विणकर_मुलगी यांचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

हॅनोवरकर
या विषयावर लिहायला हात शिवशिवत होते. मी राहतो त्या शहरात कोलाजचा एक मोठा माणूस होऊन गेला, कुर्ट श्विटर्स. पहिलं महायुद्ध संपलं, जर्मनीत सगळी मोडतोड झालेली, आणि हा माणूस रस्त्यावर पडलेली ट्रामची तिकिटं, वेष्टनं, लाकडाचे तुकडे, तारा गोळा करून त्यांची चित्रं करू लागला. घराच्या आतच त्याने वर्षानुवर्षं एक भलीमोठी रचना वाढवत नेली. खोल्याच्या खोल्या तिने व्यापल्या. १९३७ मध्ये नाझींमुळे त्याला देश सोडावा लागला आणि १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ती रचना घरासकट गेली. आधी नॉर्वे, मग इंग्लंड, आणि १९४८ मध्ये तिकडेच तो वारला. इथल्या श्प्रेंगेल संग्रहालयात त्या रचनेच्या एका खोलीची प्रतिकृती उभी केली आहे. आत शिरल्यावर मला पुन्हा बाहेर यावंसं वाटत नव्हतं.

त्याची छोटी कोलाजं जवळून बघितली की एक गोष्ट कळते. हाताच्या पंजाएवढा कागद असतो, त्यावर मोजके तुकडे, पण एकही इकडचा तिकडे करता येणार नाही. मीराताई, मोठ्या कॅनव्हासच्या मागे लागू नका. पोस्टकार्डाच्या आकाराने सुरुवात करा. एका बैठकीत संपतं, आणि फसलं तर दुसरं घेता येतं.

रोखठोक
मला एक कळत नाही. तिकीट चिकटवलं, रंग फासला, झालं चित्र? प्रदर्शनात जाऊन आलो, अर्ध्या चित्रांसमोर उभं राहून काय बघायचं तेच कळेना. हे शिकायचं असतं म्हणजे नेमकं काय शिकायचं असतं? मनापासून विचारतोय.

संत्रानगरीकर
रोखठोक भाऊ, प्रश्न बरोबर आहे तुमचा. गायतोंडे आमच्या नागपुरात जन्मले, १९२४ साली, मूळ गोव्याचे. त्यामुळे आम्हाला त्यांच्याबद्दल जरा जास्तच माया. ते वर्षाला मोजकीच चित्रं पूर्ण करत. ब्रशऐवजी रोलर आणि सुरी वापरत. रंगाचा थर द्यायचा, काही भाग खरवडून काढायचा, वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून तिथला रंग उचलायचा, मग पुन्हा पातळ थर. अशा किती थरांतून तो आतून आल्यासारखा उजेड येतो! म्हणजे कागद कोलाजमध्ये चिकटवतातच असं नाही, रंग उचलायलाही वापरतात. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं.

काय बघायचं म्हणाल तर एकाच चित्रासमोर दहा मिनिटं थांबा. नजर आधी कुठे जाते, मग कुठे वळते, कुठे अडकते एवढंच बघा. शिकायचं असतं ते हेच, की समोरच्याची नजर कुठे न्यायची आणि कुठे थांबवायची. काय काढलंय हे विचारूच नका.

रोखठोक
हे पटलं. पुढच्या खेपेला मुंबईच्या जहांगीर कलादालनात एकाच चित्रासमोर उभा राहीन.

रसायनवाला_अंबरनाथ
चिकटवण्याचं कोणीच बोलत नाहीये, तेव्हा मी बोलतो. रंगांच्या कच्च्या मालात आयुष्य गेलंय.

फेव्हिकॉल किंवा तत्सम पांढरा गोंद म्हणजे पीव्हीए. शिकताना, सरावाला बेलाशक वापरा. पण त्याचा थर ओलाव्याने मऊ पडतो, आणि कोकणात ओलावा कमी नाही. जे काम ठेवायचं आहे त्याला अ‍ॅक्रिलिक मीडियम वापरा, मॅट किंवा जेल. कारण ते तुमच्या रंगाचंच सख्खं भावंड आहे. रंगातलं रंगद्रव्य वजा केलं की उरतं ते मीडियम. पाणी उडून गेलं की पॉलिमरचे कण एकमेकांना चिकटून एकसंध पापुद्रा होतो, आणि कागद त्याच्या आत बंद होतो. फलकावर पातळ थर, कागदाच्या मागे पातळ थर, मग मध्यापासून कडेकडे रोलर किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवून हवा काढा. वर बटर पेपर ठेवून त्यावर जाड पुस्तकं. दुसऱ्या दिवशीपर्यंत बघायचं नाही.

रंग पातळ करायला नुसतं पाणी ओतत राहू नका. रंगद्रव्य धरून ठेवणारा बंधक विरळ होतो आणि रंग नीट धरत नाही. मीडियम घालून पातळ करा, पारदर्शकपणाही येतो.

आता कागद. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, भरपूर असतो, उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडणारच. दोन्ही बाजूंनी मीडियम लावलं तर वेग कमी होतो, थांबत नाही. पिवळेपणा हवाच असेल तर खुशाल वापरा. नको असेल तर सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद घ्या, त्यात लिग्निनची अडचण नाही. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे, तिथे रंगीत, पोताचे, पाना-फुलांचे तुकडे घातलेले कागद असतात. पतंगाचा कागद आणि क्रेप कागद दिसतात मोहक, पण त्यांत डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग असतो. ओलं मीडियम लागलं की शेजाऱ्यावर रंग सोडतात आणि उन्हात उडतात. स्वतः अ‍ॅक्रिलिकने रंगवलेला कागद यापेक्षा कधीही भरवशाचा.

मीरा_चिपळूण
सगळ्यांचे किती आभार मानू! रसायनवाला दादा, छापलेली अक्षरं, जुने फोटो असं वापरायचं झालं तर? घरातल्या प्रिंटरवर काढलेल्या पानावर मीडियम लावलं की शाई पसरते.

रसायनवाला_अंबरनाथ
ताई, घरचा प्रिंटर इंकजेट असणार, त्याची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. झेरॉक्स काढा. टोनर म्हणजे वितळवून बसवलेली भुकटी, ती पाण्याने हलत नाही. उलट तिची एक गंमत आहे. फलकावर मीडियमचा जाडसर थर द्या, झेरॉक्सचं पान छापलेली बाजू खाली करून दाबा, पूर्ण वाळू द्या. मग मागून पाणी लावून बोटाने कागद चोळून काढा. कागद जातो, अक्षरं चित्रात राहतात. ती उलटी उमटतात, सुलटी हवी असतील तर आधी मिरर प्रत काढून घ्या.

लोकल_प्रवासी
सामान जमवायचा माझा अनुभव देतो. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद-स्टेशनरी ठोकात मिळते, पुणेकरांना अप्पा बळवंत चौक आहेच. पण निम्मा माल रद्दीवाल्याकडे असतो. जुने नकाशे, रेल्वेची जुनी वेळापत्रकं, शिवणाचे कागदी नमुने, हिशोबाच्या लाल वह्यांची पानं. लग्नपत्रिका तर सोनं आहे! जाड कागद, उठावाची नक्षी, मखमली पोत, सगळं फुकट घरी येतं.

एक सूचना : भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं महिना संपल्याशिवाय कापू नका. मागे-पुढे दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख आणि कोणाचं तरी श्राद्ध लिहिलेलं असतं. घरात फार मोठा अमूर्त वाद होतो.

कोकणी_माणूस
दुधाचा हिशोबच चिकटवा. पाव लिटर, अर्धा लिटर, खाडा. काय सुंदर रचना असते!

सुमनताई_वाई
मुलांनो, वाचून फार बरं वाटलं. मी चित्रकार नाही, गोधड्या शिवते. सासूबाईंकडून शिकले. जुन्या नऊवारीचे, धोतराचे, परकराचे तुकडे. कोणता तुकडा कोणाशेजारी लावायचा हे आम्ही जमिनीवर पसरून ठरवतो. गडद लाल दोन शेजारी आले की मध्ये फिकं काहीतरी घालायचं, कडेला एकच रंग फिरवायचा म्हणजे सगळं बांधून राहतं. धावदोऱ्याच्या ओळी रंगांवरून सरळ जातात, त्या तुकड्यांना एकत्र आणतात. हे तुमच्या कोलाजात बसतं का? माझ्या नातीचं म्हणणं आहे की बसतं.

विणकर_मुलगी
सुमनताई, नात अगदी बरोबर बोलतेय. तुम्ही सांगितलेल्या तीनही गोष्टी मी डिझाइनच्या वर्गात शिकले. तुम्हाला त्या जमिनीवर पसरून मिळाल्या. मीरा, धावदोरा चित्रातही घालता येतो. कागदातून सुई-दोरा सरळ जातो, फक्त भोकं आधी टोचून घ्यायची.

चित्रकलासर_मिरज
सुमनताईंच्या प्रतिसादानंतर मला थोडं अधिक लिहावंसं वाटतंय. मी रेखाटन म्हणतो तेव्हा माझ्या डोक्यात नाक-डोळे नसतात. दोन वस्तूंच्या मधल्या रिकाम्या जागेचा आकार दिसणं, ही माझी अपेक्षा असते. सुमनताई जमिनीवर पसरून तेच बघताहेत. तेव्हा मीराताई, खुर्ची काढायला सांगितली होती, त्याऐवजी असं करा. खुर्चीच्या दांड्यांमधल्या मोकळ्या जागा काळ्या कागदातून कापा आणि पांढऱ्यावर मांडा. खुर्ची काढू नका. रेखाटनही झालं आणि कोलाजही.

दुसरं, जुन्या पुठ्ठ्यातून काटकोनाचे दोन तुकडे कापून घ्या. ते एकमेकांवर ठेवले की लहान-मोठी होणारी चौकट तयार होते. तुमच्या मातकट झालेल्या चित्रांवर ती फिरवा. सबंध चित्र जमलेलं नसलं तरी त्यात तळहाताएवढा एखादा तुकडा हमखास जमलेला सापडतो. तो कापा आणि पुढच्या चित्रात घ्या.

मीरा_चिपळूण
सर, चौकट फिरवून बघितली. खरंच सापडले! एका कोपऱ्यात गुलाबी आणि शेवाळी, मध्ये कागदाची फाटलेली पांढरी कड. ती कड मुद्दाम केलेली नव्हती.

विणकर_मुलगी
फाटलेली कड आणि कापलेली कड या दोन वेगळ्या रेषा आहेत, दोन्ही जाणूनबुजून वापरायच्या. रंगवलेला कागद स्वतःकडे ओढत फाडला की पांढरी कड दिसते, दूर लोटत फाडला की ती दुसऱ्या तुकड्यावर जाते. सराव केला की हवी तिथे आणता येते.

दृष्टी
मी अंध मुलांच्या शाळेत शिकवते. बिनोदबिहारी मुखर्जींचा उल्लेख अजून कसा आला नाही? शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार. एक डोळा लहानपणापासून अधू होता, आणि पन्नाशीनंतर शस्त्रक्रियेत उरलेली दृष्टीही गेली. त्यानंतर ते थांबले नाहीत, रंगीत कागद कापून कोलाज करू लागले. बोटांनी कड चाचपायची, आकार मनात धरायचा, रंग विचारून घ्यायचा. ती चित्रं इतकी मोकळी, प्रसन्न आहेत की मी माझ्या मुलांना त्यांच्याबद्दल दरवर्षी सांगते.

आमच्या वर्गात आम्ही पोताचे तुकडे वापरतो. सॅंडपेपर, पन्हळी पुठ्ठा, ज्यूट, सुतळी, मखमल. मुलं ज्या ठामपणे ठरवतात की खरखरीतशेजारी गुळगुळीतच हवं, ते बघण्यासारखं असतं. मीराताई, एकदा डोळे मिटून नुसत्या स्पर्शावरून मांडणी करून बघा. रंगांचा विचार नंतर.

हॅनोवरकर
दृष्टी, फार छान आठवण. फ्रेंच चित्रकार मातीसही उतारवयात आजारपणामुळे उभं राहून रंगवू शकत नव्हता तेव्हा कात्रीकडे वळला. मदतनीस कोरे कागद गाउश या अपारदर्शक जलरंगाने रंगवून ठेवायचे, तो थेट रंगीत कागदातून आकार कापायचा, आणि ते भिंतीवर टाचण्यांनी लावून हवे तितके दिवस हलवत बसायचा. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये १९५३ ची गोगलगाय आहे, जवळपास तीन मीटर लांब-रुंद. कडेला नारिंगी, आत मोजके रंगीत चौकोन. एवढ्यावर ती अख्खी भिंत पेलते.

यातून शिकण्यासारखं म्हणजे टाचण्या. आधी टाचा, चार दिवस जाता-येता बघा, मग चिकटवा.

नाशिकची_मंजिरी
याच्याच पुढचं. मी आठवड्यातला एक दिवस फक्त कागद रंगवते, चित्र करत नाही. जिलेटिन आणि ग्लिसरीनची थाळी ओतून घेतली आहे, तिच्यावर रोलरने रंग पसरायचा, पानं, जाळी, दोरा ठेवायचा, वरून कागद दाबून उचलायचा. प्रत्येक ठसा वेगळा. असे ढीगभर कागद तयार असले की चित्र करताना ट्यूब उघडायची गरजच फारशी पडत नाही, आणि रंग ओले असताना मिसळायचा प्रश्नही येत नाही.

अनुराधा_सोलापूर
जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात ना? आमच्या घरात चालणार नाही.

नाशिकची_मंजिरी
हो अनुराधाताई, तसंच करतात. तयार कृत्रिम थाळ्या मिळतात, त्यात जिलेटिन नसतं. आणि काहीच नको असेल तर जाड काच घ्या, कडा घासून घेतलेली. काचेवर रंग लवकर वाळतो, पटापट हात चालवावा लागतो, पण ठसे छान येतात.

वेंगुर्ल्याचा_आबा
मीरा, पावसाळ्याचं मी सांगतो. आमचा बाइंडिंगचा धंदा होता, कागद आणि ओल यांच्याशी जन्माची ओळख.

मैद्याची खळ वापरू नको. कसर आणि झुरळं तिच्यावर जगतात, बुरशी वेगळीच. आम्ही खळीत मोरचूद टाकायचो, त्याने किडा लागत नसे, पण ते विष आहे, घरात चित्राला नको. रसायनवाले म्हणतात ते मीडियमच बरं.

पातळ पुठ्ठ्यावर काम केलंस तर पुढचा कागद वाळताना ओढतो आणि पुठ्ठा वाकतो. मागूनही तेवढाच एक कागद चिकटव, दोन्हीकडचा ताण सारखा होतो. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आम्ही हेच करतो. प्लाय किंवा एमडीएफ घेतलंस तर पुढे, मागे आणि चारही कडांना प्रायमर. कडा विसरतात लोक, आणि ओल तिथूनच शिरते.

काचेची फ्रेम करशील तर काच चित्राला टेकू देऊ नको, मध्ये पट्टी घालून मोकळी जागा ठेव. नैर्ऋत्येकडच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर टांगू नको. आणि दोन अ‍ॅक्रिलिक चित्रं एकमेकांना तोंड लावून ठेवू नको, दमट गरमीत चिकटतात. मध्ये बटर पेपर.

कोकणी_माणूस
आबांनु, देव बरे करो. हा प्रतिसाद छापून भिंतीला लावतो. नैर्ऋत्येच्या नाही.

रोखठोक
मासिकांतले फोटो कापून चिकटवले आणि चित्र विकलं तर छायाचित्रकाराची परवानगी लागते का?

लोकल_प्रवासी
दुसऱ्याचा फोटो ओळखू येईल असा वापरून विकायचा असेल तर वकिलाला विचारलेलं बरं. मी स्वतःचे फोटो आणि स्वतः रंगवलेले कागदच वापरतो. प्रश्नच मिटला.

मीरा_चिपळूण
आतापर्यंतचं सांगते. दोन रंगांवर राहिले, क्रिमसन आणि अल्ट्रामरिन. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे, मागे कागद लावून. आधी कागद रंगवून ठेवते, मग मांडते, टाचते, फोनवर फोटो काढते. मातकटपणा गेलाय! आता अडचण दुसरी. थांबायचं कधी? व्यक्ती किंवा झाड काढताना संपलं की कळतं. इथे प्रत्येक वेळी वाटतं, अजून एक तुकडा.

संत्रानगरीकर
भिंतीकडे तोंड करून ठेवून द्या. आठवड्याने अचानक उलटा. पहिल्या नजरेत जे खटकेल तेवढंच बदला.

विणकर_मुलगी
फोनवरचा फोटो कृष्णधवल करून बघ. सगळं एकाच करड्या छटेत दिसलं तर चित्र संपलेलं नाही, रंग कितीही वेगवेगळे असोत. कुठे तरी खूप गडद किंवा खूप फिकं हवंय. नवशिक्यांच्या बहुतेक अमूर्त चित्रांत हीच उणीव असते, रंग सहा आणि छटा एकच. आणि झळझळीत रंगाला शेजारी शांत रंग लागतो. तुझे जुने मातकट कागद फेकू नकोस, गुलाबीच्या शेजारी तेच कामाला येतील.

चित्रकलासर_मिरज
माझं मत : एक तुकडा काढून बघा. काढल्यावर चित्र सैल पडलं तर तो हवाच होता. काही फरक पडला नाही तर तो जादा आहे. प्रत्येक तुकड्याला हा प्रश्न विचारून झाला की थांबा. कोलाजमध्ये चिकटवण्याआधी हे करता येतं, नुसत्या रंगकामात येत नाही. म्हणून आता मला वाटतं की तुम्ही अमूर्ताकडे कोलाजच्या वाटेने येताय हे योग्यच आहे. सहा महिने थांबायची गरज नाही. खुर्चीच्या मोकळ्या जागा मात्र कापत राहा, तेवढा आग्रह सोडत नाही.

हॅनोवरकर
सरांना अनुमोदन. १९१२ मध्ये चित्रकार ब्राकने लाकडाच्या रेषांची नक्कल छापलेला भिंतीचा कागद कापून चित्रात चिकटवला, आणि पिकासोने वेताच्या खुर्चीची वीण छापलेलं मेणकापड लावून भोवती दोरखंड गुंडाळला. दोघेही पट्टीचे रेखाटन करणारे. पण तिथे त्यांनी लाकूड रंगवायच्या भानगडीत न पडता ते सरळ उचलून ठेवलं. दोन्ही बाजूंना पुरावा मिळतोय.

सुमनताई_वाई
मीरा, कापडाचे तुकडे लावशील तेव्हा आधी धुऊन, वाळवून, इस्त्री कर. नव्या कापडाला खळ असते, आणि लाल सुती रंग सोडतं. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघ, फडकं लाल झालं तर ते चित्राला नको.

मीरा_चिपळूण
हो सुमनताई, आजच करते. रसायनवाला दादा, शेवटचा प्रश्न. लग्नपत्रिकेवरची सोनेरी चमक वर मीडियम लावल्यावर मंद होते. ती तशीच ठेवायची असेल तर काय लावू?

रसायनवाला_अंबरनाथ
मॅट लावलं असणार. त्यात चमक मारणारी भुकटी असते. त्या तुकड्यावर ग्लॉस मीडियम लावा, एकच पातळ हात, मऊ ब्रशने. संपूर्ण चित्र पुरतं वाळल्यावर वरून ग्लॉस वार्निश द्या. पावसाळ्यात ते चिकट राहतं, वाळायला कोरडा दिवस बघा. तुमच्याकडे म्हणजे दिवाळीनंतरच.

मीरा_चिपळूण
चालेल. तोवर पत्रिका गोळा करते, तुळशीच्या लग्नानंतर नव्या येतीलच.